पिकअपच्या हौद्यावर पॉप-अप कॅम्पर: सोलापूरकडच्या कच्च्या वाटांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा, इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स. डाळिंबाचे क्रेट आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या या गाड्यांच्या हौद्यात झोपायची आणि दोन भाकऱ्या भाजायची सोय करून उजनीच्या काठाला किंवा भीमेच्या खोऱ्यात रात्र काढायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: आधी वजन बघा, बाकीचं नंतर.

पॉप-अप कॅम्पर म्हणजे नेमकं काय?

हौद्यात बसणारी बुटकी खोली. तिचं छप्पर कडक असतं आणि ते गॅसच्या दांड्यांवर किंवा कात्रीसारख्या जॅकवर वर उचलता येतं. छप्पर आणि खालची भिंत यांच्यामध्ये जाड कापड असतं. छप्पर मिटलं की खोली गाडीच्या टपापेक्षा जेमतेम वीतभर उंच राहते, उघडलं की आत माणूस ताठ उभा राहतो. झोपायची जागा बहुतेक वेळा केबिनच्या वर पुढे काढलेली असते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हा प्रकार जुना आहे. आपल्याकडे मात्र बहुतेकांना तो फॅब्रिकेटरकडूनच बनवून घ्यावा लागतो.

पूर्ण उंचीची पक्की खोली का नको? ती जास्त सोयीची नाही का?

डांबरी रस्त्यावर सोयीची आहे, कच्च्या वाटेवर नाही. उंच खोलीचं वजन वर जातं आणि आडव्या उतारावर गाडी झुकली की पोटात गोळा येतो. मोकळ्या माळावरचा आडवा वारा तिला ढकलतो. शिवाय आपल्या पाणंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी बाभळी वाकलेल्या असतात, तिथून उंच पेटी ओरखडे खातच जाते. रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यांना उंचीची आडवी कमान असते, तीही लक्षात घ्या. मिटलेल्या खोलीसकट गाडीची उंची मोजा आणि तो आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवून ठेवा.

कोणती पिकअप घ्यावी?

आधीपासून जी दारात उभी आहे तिचाच विचार आधी करा. नवीन घ्यायची असेल तर फोर बाय फोरच्या बटणाआधी आरसी बुकवरचं एकूण वजन बघा. दिसायला दणकट, खासगी नंबरच्या डबल कॅब गाड्यांची भार उचलायची परवानगी कामाच्या साध्या पिकअपपेक्षा पुष्कळ कमी असू शकते, कारण त्यांच्या वजनातलं बरंचसं केबिन आणि सोयींमध्ये आधीच खर्ची पडलेलं असतं. उलट कामाच्या पिकअपला भार भरपूर चालतो, पण तिचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) रिकाम्या गाडीत कडक असतात आणि बऱ्याच मॉडेलांना फोर बाय फोर नसतं. माझ्या मते कोरड्या दिवसांत, जमिनीपासून पुरेशी उंची असलेली फोर बाय टू (दोनच चाकांना जोर असलेली) गाडीही आपल्या भागातल्या नव्वद टक्के वाटा चालते. उरलेल्या दहा टक्क्यांत चिखल आहे, आणि त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

वजनाचा हिशोब कसा मांडायचा?

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे तुमच्या हातातली शिल्लक. समजा ती ७०० किलो आहे. दोन माणसांचे १४०, खोलीचे ३००, ६० लिटर पाण्याचे ६०, बॅटरी-पॅनल-फ्रिज-वायरिंगचे ६०, अंथरूण-भांडी-शिधा ६०, जास्तीची स्टेपनी, जॅक, दोर आणि अवजारं ५०. झाले ६७०. शिल्लक राहिली ३० किलोंची. तिसरा माणूस बसवला की हिशोब तुटला.

कागदावरच्या आकड्यांवर थांबू नका. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की वजनकाटा शोधायला लांब जावं लागत नाही. आधी रिकामी गाडी काट्यावर घाला. काम पूर्ण झाल्यावर पाणी, डिझेल, माणसं सगळं भरून पुन्हा घाला. अख्खी गाडी मोजून झाली की पुढची चाकं काट्याबाहेर घेऊन फक्त मागची चाकं मोजायला सांगा. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या अॅक्सलवर बोजा जास्त पडलेला असतो, हे या दुसऱ्या पावतीतच कळतं. पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या अॅक्सलच्या पुढे, केबिनच्या पाठीला लागून आणि तळाशी ठेवली तर बराच फरक पडतो. हौद्याच्या मागच्या फाळक्याजवळ जड वस्तू ठेवली तर गाडीचं नाक उचलतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि उतारावर पुढच्या ब्रेकची पकड कमी होते.

घरचं फर्निचर करणारा सुतार सवयीने १८ मिलिमीटरचं प्लाय सुचवतो. ८ बाय ४ चं असं एक प्लाय ३५ किलोंच्या आसपास भरतं. तीन प्लाय आत गेले की शंभर किलो फक्त कपाटांत गेले. आतल्या मांडणीला ६ ते ९ मिलिमीटर पुरतं, आणि दारांऐवजी कापडी कप्पे शिवून घेतले तर आणखी बरं.

मागे एक जास्तीचा पाटा टाकला की भार वाढवता येतो ना?

नाही. जास्तीच्या पाट्याने किंवा पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या फुग्याने (एअर बॅग) गाडीची मागची बाजू बसत नाही, झोल कमी होतो, तेवढंच. चेसिस, हब, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. आरसीवरचा आकडाही तोच राहतो. मर्यादेच्या आतलं वजन नीट पेलण्यासाठी पाटा घालायचा असेल तर जरूर घाला, फक्त सोबत शॉकअॅब्सॉर्बरही त्या ताकदीचे हवेत. ते तसेच ठेवले तर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर उसळत राहते.

आरटीओचं काय? एमएच-१३ किंवा एमएच-४५ ला अडचण येईल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू ठामपणे उचलून धरली. त्यामुळे हौदा कापणं, खोली चेसिसला वेल्ड करणं, केबिनची मागची भिंत फोडून आत जायची वाट काढणं हे परवानगीशिवाय करूच नका. मोटर कॅरॅव्हॅनसाठी (राहायची सोय असलेल्या गाडीसाठी) एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि कायमस्वरूपी कॅरॅव्हॅन म्हणून नोंदणी हवी असेल तर तोच रस्ता आहे.

उचलून खाली ठेवता येईल अशी, बोल्ट आणि टर्नबकलने (फिरवून आवळायच्या दुहेरी हुकने) धरलेली खोली हा प्रकार सोपा पडतो. तरीही काम सुरू करण्याआधी चित्र आणि मापं घेऊन आरटीओत जा, लेखी उत्तर घ्या, विमा कंपनीलाही कळवा. गाडीच्या बाजूला, मागे किंवा उंचीला नियमाबाहेर जाणारा भार असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपयांचा दंड आहे. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाता कामा नये. आणि गाडी चालू असताना खोलीत कुणी बसायचं नाही. मुलं कितीही हट्ट करोत.

सांगाडा लोखंडाचा की अॅल्युमिनियमचा?

परवडत असेल तर अॅल्युमिनियम. लोखंडाच्या तुलनेत त्याचं वजन साधारण एक तृतीयांश. मात्र त्याचं वेल्डिंग आर्गॉन गॅसवर करावं लागतं आणि ते प्रत्येक फॅब्रिकेटरकडे होत नाही. अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत चौकशी करताना “आर्गॉन आहे का?” हा पहिला प्रश्न विचारा, आणि आधी केलेल्या कामाचे सांधे बघायला मागा. अॅल्युमिनियम जिथे लोखंडी हौद्याला टेकतं तिथे मध्ये रबर घाला, नाहीतर ओल लागली की दोन धातूंच्या सांध्याशी गंज धरतो.

लोखंडी स्क्वेअर पाइप घेणार असाल तर पातळ जाडीचा घ्या आणि कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या द्या. मजबुतीच्या नावाखाली दरवाजाच्या ग्रिलसारखा जाड अँगल भरला की ३०० किलोंचं गणित ४५० वर जातं.

हौद्यात खोली कशी धरून ठेवायची?

चेसिस वाकडी-तिकडी होते, पिळवटते, आणि तिने पिळवटायलाच हवं. चाक खड्ड्यात आणि तिरकं समोरचं चाक दगडावर असताना केबिन एका दिशेला झुकते, हौदा दुसऱ्या दिशेला. मागे उभं राहून बघितलं तर हे डोळ्यांना दिसतं. म्हणून खोली फक्त हौद्याला बांधायची, केबिनला कधीच नाही. हौद्याच्या तळाला जाड रबरी मॅट, चार कोपऱ्यांत आय-बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेले), त्यांत टर्नबकल. आय-बोल्टच्या खाली पत्र्याच्या उलट बाजूने मोठी पोलादी पट्टी लावा, नाहीतर नुसत्या वॉशरवर पत्रा फाटतो.

केबिनच्या टपावर आलेला झोपायचा भाग किती उंच ठेवायचा, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. टप आणि खोलीचा तळ यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना आणि मधोमध कणकेचे गोळे ठेवा. गोळ्यांना वरून थोडं तेल लावा, म्हणजे चिकटणार नाहीत. मग गाडी एखाद्या बांधावरून तिरकी काढा आणि परत येऊन गोळे बघा. जो सर्वांत जास्त चपटा झाला त्याची जाडी मोजा. दोन बोटांपेक्षा कमी उरली असेल तर खोली आणखी उचलायला हवी. आधी कामगारांशी बोलून हे ठरवा, कारण पत्रे लागल्यावर उंची बदलणं जिवावर येतं.

पहिल्या प्रवासात पहिल्या तासाभरात थांबून टर्नबकल पुन्हा आवळा. रबर दबतं आणि ते सैल होतात.

धूळ आत येते. सगळ्या फटी बुजवल्या तरी येते. काय करावं?

या भागात सर्वांत जास्त वैताग देणारी गोष्ट हीच. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ फाळक्याकडे ओढली जाते. खोलीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असेल तर केसाएवढ्या फटीतूनही ती आत घुसते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या मातीचं पीठ होतं, आणि ते पीठ चादरीच्या घडीत, डब्यांच्या झाकणात, फ्रिजच्या जाळीत, सगळीकडे बसतं.

नुसतं सिलिकॉन भरत बसू नका. दोन कामं बरोबर करा. एक, फाळका आणि दार यांना गाड्यांच्या दारांना असते तशी पोकळ रबरी बीडिंग लावा. हौद्यातले पाणी जायचे भोक आणि फाळक्याच्या बिजागरीजवळचे कोपरे विसरले जातात, तिथून सर्वाधिक धूळ येते. दोन, छपराच्या पुढच्या भागात, जिथे हवा स्वच्छ असते, एक छोटं झाकण ठेवा आणि त्यात फोमचं फिल्टर बसवा. गाडी चालू असताना ते उघडं ठेवलं की पुढून हवा आत येते, आतला दाब किंचित वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. फिल्टर रोज संध्याकाळी झटकायचं. फटी कुठे आहेत ते शोधायला रात्री आत दिवा लावून बाहेरून बघा.

मधलं कापड कोणतं?

साधी निळी प्लास्टिकची ताडपत्री नको. ती उन्हात कडक होऊन घडीवर चिरते आणि आत श्वासाचं पाणी साचवते. कापूस-पॉलिस्टर मिश्रणाचा जाड कॅनव्हास घ्या. त्याला हवा लागते, तो दुरुस्तही करता येतो. खिडक्यांना बारीक जाळी हवीच, उजनीच्या पाणलोटात संध्याकाळी डास सोडत नाहीत. पावसात भिजलेलं कापड मिटून घरी आणलं तर दोन दिवसांच्या आत पुन्हा उघडून वाळवा, बुरशी एकदा धरली की डाग जात नाही. चेनमध्ये धूळ अडकली तर तेल घालू नका, मेणबत्ती घासा.

एप्रिल-मे मध्ये आत झोपता येतं का?

४२-४३ अंशांत दिवसा आत थांबणं अशक्य आहे, हे मान्य करूनच बांधणी करा. छप्पर पांढरं, खाली २५ मिलिमीटरचा फोम, दोन्ही बाजूंच्या खिडक्या समोरासमोर आणि छपरात १२ व्होल्टचा हवा बाहेर फेकणारा पंखा. कापडी भिंतींचा फायदा इथेच आहे: रात्री अकरानंतर माळावरची हवा थंड होते आणि थेट आत येते, पत्र्याची पेटी मात्र पहाटेपर्यंत तापलेली राहते. इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. धूर आत आला तर कळतसुद्धा नाही आणि जीव जातो. खरं सांगायचं तर मुक्कामाचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. शाळू हुरड्यावर आलेला असतो, रात्री सोलापुरी चादर पुरते.

वीज किती लागेल?

दिवे, मोबाइल, पंखा आणि ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज एवढ्यासाठी १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि छपरावर २०० वॉटचं पॅनल पुरतं. ही बॅटरी साधारण १,२८० वॉट-अवर साठवते आणि स्वच्छ उन्हात पॅनल दिवसाला ७०० ते ९०० वॉट-अवर देतं. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी आणून बसवायचा मोह होतो. तिचं वजन ५० किलोंच्या वर जातं आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरणं बरं असतं. लिथियमचं काम १२-१३ किलोंत होतं. बॅटरी इंजिनजवळ ठेवू नका, उष्णतेने तिचं आयुष्य घटतं. गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करायचं असेल तर मध्ये व्होल्टेज जुळवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, बीएस-६ गाड्यांत थेट जोडणी करू नका. बॅटरीच्या टोकापासून हातभराच्या आत फ्यूज लावा.

स्वयंपाक आत करायचा की बाहेर?

बाहेर. फाळक्यावर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर हौद्याच्या तळाशी साचतो आणि वास यायच्या आधी ठिणगीची वाट बघतो. घरगुती १४.२ किलोंचं सिलिंडर गाडीत नेऊ नका, तेवढं वजनही परवडत नाही. छोट्या डब्याची शेगडी घ्या. खरं तर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे बरोबर असले तर दोन दिवस चहाशिवाय चूल पेटवायची गरज नाही.

पाणी आणि शौचाचं काय?

दोन माणसांना दोन दिवसांसाठी ४० ते ६० लिटर. पिण्याचं वेगळ्या जारमध्ये. गावात पाणी मिळेलच असं धरून चालू नका. उन्हाळ्यात लोक स्वतः टँकरची वाट बघत असतात, त्यांच्या हापशावर आपण गाडी धुवायची नाही. शौचासाठी झाकणाची बादली आणि पिशवी, किंवा ओढ्या-विहिरीपासून चांगलं लांब, वीतभर खोल खड्डा.

काळ्या मातीत पाऊस पडला तर?

थांबा. एवढंच खरं उत्तर आहे. काळी रेगूर माती कोरडी असताना भेगाळलेली पण घट्ट असते, आणि वीस मिनिटांच्या पावसाने तीच माती टायरला थर देत चढते. मडगार्डमध्ये भरते, चाक फिरेनासं होतं. टायरची नक्षी भरली की फोर बाय फोरही चारही चाकं एकाच वेळी घसरवतं. सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, म्हणून त्या महिन्यात शेतातल्या वाटा सोडून मुरमाच्या रस्त्याला चिकटून राहा. मुरूम पाणी पितो, काळी माती धरून ठेवते. रात्रीचा मुक्काम निवडताना पायाखाली माती कोणती आहे आणि परतीची वाट कशातून जाते, हे आधी बघा. सकाळी ऊन पडलं की तीन-चार तासांत वरचा थर सुकतो. घाई करणारा खोल रुततो.

टायर ऑल टेरेन घ्या, पण त्यांच्यावरचा लोड इंडेक्स (भार पेलायच्या क्षमतेचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. दगडी वाटेवर हवा एक चतुर्थांशाने कमी केली तर गाडी मऊ चालते आणि खोलीचे सांधे वाचतात. डांबरावर परत आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका. भार घेतलेला कमी हवेचा टायर तापून फुटतो. १२ व्होल्टचा कंप्रेसर म्हणूनच चैन नाही.

रुतलोच तर?

फावडं, चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या आणि चांगला दोर. बहुतेक वेळा ट्रॅक्टरच येतो. दोर कुठे बांधायचा हे मात्र तुम्ही सांगा: चेसिसला बोल्ट केलेल्या हुकला. बंपरला नाही, अॅक्सलला नाही, ट्रेलर ओढायच्या गोळ्याला तर मुळीच नाही. तो तुटून उडाला तर माणूस मरतो. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका, बघ्यांना दोराच्या लांबीच्या पलीकडे उभं करा. ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचे पैसे तो मागायच्या आधी द्या.

रात्री गाडी चालवावी का?

गाळप हंगामात तर नाहीच. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, बैलगाड्यांना तर कधीच नव्हता, आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर उभा राहतो. भार घेतलेल्या पिकअपला थांबायला जास्त अंतर लागतं. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचा.

मुक्काम कुठे करता येतो?

जिथे विचारलं आहे तिथे. मोकळं दिसणारं रानही कुणाचं तरी असतं. “राम राम मालक, आजची रात इथं गाडी लावली तर चालेल का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा होकार मिळतो, वर ताकाचा तांब्याही. गावाजवळ असाल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला, म्हणजे रात्री कुणी बॅटरी मारत येत नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मुक्काम नाही, आणि त्याच्या आजूबाजूच्या गवताळ माळावरही रस्ता सोडून गाडी घालू नका. माळढोक, टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. ती मातीच्या रंगाची असतात आणि चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. हे मी कळकळीने सांगतो: आपला माळ बघायला मोकळा दिसतो, रिकामा नसतो. उजनीच्या काठाला पाण्याच्या अगदी कडेला गाडी उतरवू नका, तिथला गाळ वरून सुकलेला आणि खालून लोण्यासारखा असतो.

पहिल्यांदा कुठे जाऊ?

हत्तरसंग कुडलला. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. शहरापासून जवळ आहे, त्यामुळे काही बिघडलं तर घर हाताशी. मंदिर परिसरात नव्हे, गावात विचारून बाहेर मुक्काम करा. थोडी डांबरी, थोडी कच्ची वाट निवडा, म्हणजे खोलीचा आवाज दोन्हींवर ऐकता येईल.

वळवाचं वादळ आलं तर छप्पर उघडं ठेवायचं?

ढग आडवे काळे दिसले आणि वाऱ्याला मातीचा वास आला की लगेच मिटा. उघडं छप्पर वाऱ्याला शिडासारखं सापडतं आणि त्याच्या दांड्या वाकतात. विजा होत असतील तर एकट्या झाडाखालून गाडी काढा, केबिनमध्ये काचा वर करून बसा, धातूला हात लावू नका. वारा नुसताच असेल तर गाडीचं नाक वाऱ्याकडे करा.

परत आल्यावर काय तपासायचं?

मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट, चारही टर्नबकल, हौद्याच्या पत्र्याला आय-बोल्टभोवती चीर पडली आहे का, छपराच्या दांड्यांचे नट. फिल्टर धुवा, बॅटरीच्या तारा हाताने हलवून बघा, कापड उघडून वाळवा. आणि वर्षातून एकदा पुन्हा वजनकाट्यावर जा. सामान वाढत जातं. “असू दे, लागेल कधीतरी” म्हणून ठेवलेली प्रत्येक वस्तू त्या पावतीत दिसते, आणि जी मागच्या वर्षभरात एकदाही हाताला लागली नाही ती तिथेच उतरवा.